एडवर्ड बार्लोची रोजनिशी : तक्रार आणि साक्ष

सतराव्या शतकातील एखाद्या सामान्य खलाशाने बालपणापासून उतारवयापर्यंतची आपली हकीकत स्वतःच्या हाताने लिहून ठेवली आहे, असे उदाहरण विरळाच सापडते. एडवर्ड बार्लो या इंग्रज नाविकाचे हस्तलिखित हे अशा उदाहरणांपैकी सर्वांत विस्तृत व सर्वांत परिचित होय. १६५९ ते १७०३ या सुमारे चव्वेचाळीस वर्षांच्या समुद्रजीवनाचा वृत्तांत तीत आला आहे. मूळ प्रत ग्रिनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात असून १९३४ साली बेझिल लबक यांनी ती दोन खंडांत प्रसिद्ध केली. तेव्हापासून इंग्लंडच्या सागरी व्यापारावर लिहिणाऱ्या बहुतेक अभ्यासकांनी या ग्रंथाचा आधार घेतला आहे.

मात्र हा आधार कोणत्या रीतीने घेतला गेला, याचा विचार झाला पाहिजे. खाणीतून दगड काढावा त्याप्रमाणे इतिहासकारांनी या रोजनिशीतून हवे तेवढे उतारे काढले. जहाजावरील अन्न कसे होते, पगार किती व केव्हा मिळे, कप्तान शिक्षा कशी करी, अशा एकेका प्रश्नाला बार्लोचा एकेक उतारा उत्तर म्हणून उभा केला गेला. परंतु ज्या ग्रंथातून हे दगड निघाले तो ग्रंथ कोणत्या प्रकारचा आहे, त्याचा कर्ता कोणाशी बोलत आहे आणि कोणत्या बाबतीत त्याच्यावर विश्वास टाकावा, हे प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिले. बार्लो हा दुसऱ्यांनी आपल्यावर केलेल्या अन्यायाचा उत्तम साक्षीदार आहे. आपण स्वतः केलेल्या अन्यायाचा मात्र तो तसा साक्षीदार नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी जो संबंध आहे, तो दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बार्लोचा जन्म १६४२ साली मँचेस्टरजवळील प्रेस्टविच या गावी एका गरीब शेतकऱ्याच्या घरी झाला. घरची स्थिती अशी की, अंगावर धड कपडे नाहीत म्हणून भावंडांना चर्चमध्ये जाण्याचीही लाज वाटावी. मुलाने शेजाऱ्यांची गवतकापणी केली, कोळशाची वाहतूक केली, आणि त्या पैशातून अंगावर घालण्याजोगे कपडे केले. पुढे त्याला मँचेस्टरला सूत व कापड शुभ्र करणाऱ्या एका कारागिराकडे उमेदवारीसाठी ठेवण्यात आले. तेथे तो रमला नाही. १६५७ च्या सुमारास तो लंडनला आला आणि टेम्स नदीवर त्याने आयुष्यात प्रथमच जहाजे पाहिली. पाण्यावर तरंगणाऱ्या, उंच काठ्या व दोरखंड असलेल्या या वस्तू काय असाव्यात हे त्याला कळले नाही, ही गोष्ट त्याने पुढे मोठ्या प्रांजळपणे नमूद केली आहे. १६५९ साली नेसबी या युद्धनौकेवरील एका अधिकाऱ्याचा उमेदवार म्हणून त्याने सात वर्षांचा करार केला. तेथून पुढे भूमध्य समुद्र, ब्राझील, वेस्ट इंडीज, सुरत, जावा, चीन असा त्याचा प्रवास झाला. दुसऱ्या इंग्रज-डच युद्धातील लढायाही त्याने पाहिल्या.

हा तपशील कोठेही मिळेल. समीक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाची तारीख वेगळीच आहे. १६७२ साली बार्लो एक्सपेरिमेंट या जहाजावर होता. इंग्लंड व हॉलंड यांचे युद्ध पुन्हा पेटल्याचा फटका पूर्व समुद्रातील या जहाजाला बसला आणि डचांनी ते पकडले. कैदी म्हणून बार्लोला बटाव्हियास, म्हणजे आजच्या जाकार्ता येथे नेण्यात आले, आणि त्या कैदेत १६७३ साली त्याने लिहावयास प्रारंभ केला. याचा अर्थ असा की, बालपण, उमेदवारी, पहिल्या सफरी, युद्ध हा सारा भाग घटना घडल्या तेव्हाचा नाही. एकतीस वर्षांच्या, बंदिवान झालेल्या आणि मिळालेले पैसे गमावून बसलेल्या माणसाने तो मागे वळून लिहिला आहे. बटाव्हियानंतरचा भाग त्या त्या काळाच्या जवळचा आहे. 'रोजनिशी' या नावाने आपण जो एकच ग्रंथ ओळखतो, त्यात वस्तुतः दोन निराळ्या प्रकारचे लेखन आहे. पहिल्या भागाला रोजनिशी म्हणण्यापेक्षा आत्मचरित्र म्हणणेच योग्य होईल. कोणता उतारा कोणत्या भागातून घेतला आहे हे न सांगता तो उद्धृत करणे ही आपल्या अभ्यासकांनाही जडलेली एक वाईट खोड आहे.

आता तक्रारीच्या स्वरूपाकडे वळू. बार्लोच्या लेखनातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग नाताळच्या जेवणाचा आहे. घरोघर मेजवान्या चालू असताना चार खलाशांत मिळून खारवलेल्या आयरिश गोमांसाचा एक लहानसा तुकडा आला. तो मिठाच्या पाण्यात दोन-तीन वर्षे पडलेला होता, आणि सोबतचे तेल-लोणी इतके खराब की गाडीच्या चाकांनाही याहून बरे वंगण मिळते, अशा अर्थाचे तो लिहितो. हा उतारा नाविकांच्या आहाराचा पुरावा म्हणून वारंवार पुढे केला जातो, आणि तो पुरावा आहेही. परंतु मँचेस्टरच्या कारागिराच्या घरचे वर्णन याच्या शेजारी ठेवून वाचावे. तेथेही बार्लोचा राग केवळ अन्नावर नाही. एकाच मेजाच्या वरच्या टोकाला मालक-मालकिणीसाठी चांगले पदार्थ आणि खालच्या टोकाला उमेदवारांसाठी पातळ कालवण, ही गोष्ट त्याला सलते. नाताळच्या प्रसंगातही दुःख उपासमारीचे कमी व तुलनेचे अधिक आहे. इंग्लंडातील घरे, कप्तानाची खोली, गाडीचे चाक यांच्याशी तो आपल्या ताटाची तुलना करतो. आपली भूक तो दुसऱ्याच्या ताटावरून मोजतो. हा दोष नव्हे. उलट हीच त्याची दृष्टी आहे व तीमुळेच त्याचे लेखन जिवंत राहिले आहे. मात्र ज्याला कोठारातील शिध्याची खरी मोजदाद हवी, त्याने या दृष्टीचा हिशेब मनात धरूनच हे उतारे वापरावेत.

याच संदर्भात एक मौज सांगण्याजोगी आहे. १६६० च्या मे महिन्यात नेसबी जहाज दुसऱ्या चार्ल्स राजाला आणावयास हॉलंडच्या किनाऱ्यावर गेले व तेथेच त्याचे रॉयल चार्ल्स असे नामकरण झाले. त्या जहाजावर उमेदवार बार्लो होता, आणि आरमारप्रमुख मॉन्टेग्यू यांचा चिटणीस म्हणून सॅम्युएल पीप्सही होता. पीप्सने त्याच वर्षाच्या १ जानेवारीपासून आपली दैनंदिनी लिहावयास घेतली होती. इंग्रजीतील दोन आत्मवृत्तकार एकाच लाकडी कवचात, काही हातांच्या अंतरावर, एकाच राजाकडे पाहत होते! पीप्स त्या रात्रीच लिहीत होता. बार्लोला लिहावयास आणखी तेरा वर्षे व एक तुरुंगवास लागणार होता. दोघांच्या लेखनातील अंतराची चर्चा शैलीच्या अंगाने पुष्कळ करता येईल. मला वाटते, खरे अंतर मेज, दिवा, शाई व फुरसत यांचे आहे. चार-चार तासांच्या पाळ्यांत झोपणाऱ्या मुलाजवळ यांपैकी काहीच नव्हते.

पगाराविषयी बार्लो जे लिहितो ते त्याच्या लेखनातील सर्वांत भरवशाचे अंग मानावयास हरकत नाही. १६५३ पासून इंग्लिश आरमारातील कसलेल्या खलाशाला महिन्याला २४ शिलिंग व साधारण खलाशाला १९ शिलिंग असा दर ठरला होता. पण हे पैसे रोख मिळतीलच असा नेम नव्हता. युद्धकाळात सरकारची तिजोरी रिकामी असे, आणि खलाशाच्या हातात चिठ्ठी पडे. ती चिठ्ठी गरजेपोटी किनाऱ्यावरच्या सावकाराला मोठी सूट देऊन विकावी लागे. उमेदवाराला तर तेवढेही मिळत नसे, कारण त्याचे वेतन धन्याच्या खिशात जाई. व्यापारी जहाजांवर निराळी अडचण होती. माल सुखरूप पोहोचून वाहतुकीचे भाडे वसूल झाले तरच खलाशाचा पगार देय होतो, असा त्या काळच्या सागरी कायद्याचा दंडक होता. जहाज बुडाले, शत्रूने धरले, की जीव वाचवून परतलेल्याचे महिन्यांचे कष्टही बुडीत खाती गेले. शिवाय माल भिजला वा बिघडला तर त्याची भरपाई खलाशांच्या पगारातून कापून घेण्याची प्रथा होती. बार्लो अशा कपातीविषयी जळफळाटाने लिहितो व कधीकधी अगदी हिशेबनिसाच्या काटेकोरपणाने लिहितो. ज्याचे चार पैसे गेले त्याला ते किती गेले हे पक्के ठाऊक असते.

या भागावरून मार्कस रेडिकर यांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथात नाविकांच्या सामूहिक जाणिवेचे जे चित्र उभे केले, ते विचारात घेण्यासारखे आहे. जहाज हा आरंभीच्या भांडवलशाहीतील मजुरीचा एक कारखाना होता व तेथेच मजुरांची एकजूट घडली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पीटर अर्ल यांनी १९९८ च्या ग्रंथात हे चित्र बरेच सौम्य केले. बार्लोपुरते बोलावयाचे तर मला दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. बार्लोची तक्रार अनेकवचनी आहे, पण तिच्यावरचा त्याचा उपाय एकवचनी आहे. 'गरीब खलाशी' हा शब्दप्रयोग तो पुनःपुन्हा करतो. तरुणांनी समुद्राच्या वाटेस जाऊ नये असेही बजावतो. परंतु त्याची स्वतःची आकांक्षा कप्तान होण्याची आहे. मेजाचे खालचे टोक नाहीसे व्हावे असे त्याला वाटत नाही. आपण वरच्या टोकाला बसावे, एवढेच त्याला हवे आहे.

ती संधी त्याला एकदा मिळाली, आणि ती आपल्याच समुद्रावर मिळाली. १६९५ साली हेन्री एव्हरी या चाच्याने मोगलांचे गंज-इ-सवाई हे जहाज लुटले. त्यानंतर औरंगजेबाच्या दडपणामुळे सुरत व मोखा यांच्या दरम्यान ये-जा करणाऱ्या यात्रेकरू व व्यापारी जहाजांना संरक्षण देण्याची जबाबदारी युरोपीय कंपन्यांवर येऊन पडली. १६९७ च्या ऑगस्ट महिन्यात मोख्याहून निघालेल्या अशा ताफ्याबरोबर ईस्ट इंडिया कंपनीचे सेप्टर हे जहाज होते. त्याचा कप्तान सफरीतच वारला होता व जहाजाचा अधिकार मुख्य मेट म्हणून बार्लोकडे आला होता. बाब-अल्-मंदबच्या बाहेर विल्यम किडचे ॲडव्हेंचर गॅली हे जहाज ताफ्यात शिरू लागले. वारा जवळजवळ पडला होता. बार्लोने कंपनीचे निशाण चढविले, होड्या सोडून त्यांच्याकडून आपले जहाज ओढवीत किडच्या रोखाने नेले, तोफा डागल्या, आणि किड निघून गेला. तेथून दोघेही, वेगवेगळ्या वाटेने व थोड्या दिवसांच्या अंतराने, कारवारला आले. किडला पुढे १७०१ च्या मे महिन्यात लंडनला फासावर चढविण्यात आले.

चाचेगिरीच्या इतिहासात हा प्रसंग बार्लोचा म्हणून गाजला आहे. त्याच्या आत्मवृत्तात मात्र त्याचे स्थान निराळ्या कारणाने मोलाचे आहे. चाळीस वर्षे ज्याने खालून वर पाहिले, तो येथे वरून खाली पाहतो, आणि त्याबरोबर वाक्यांची ठेवणच बदलते. हुकूम कोणी दिला हे आता स्पष्ट असते. होड्यांत बसून भर ऑगस्टमध्ये ते जड जहाज कोणी ओढले, हे वाचकाने समजून घ्यावयाचे. पलीकडच्या जहाजावरील माणसेही खलाशीच होती. लूट मिळाली तर वाटा, नाही तर काहीच नाही, अशा करारावर ती निघाली होती. ज्या पगाराच्या अनिश्चिततेवर बार्लोने इतकी पाने भरली, तिचेच ते टोकाचे रूप होते. पण ते रूप न्याहाळण्यास त्या दिवशी त्याला सवड नव्हती. पुढच्या सफरीत तो पुन्हा मेटच होता. कप्तानकी भांडवल व वशिला असलेल्यांकडे गेली. त्याबरोबर तक्रारीचा जुना सूरही परतला.

येथवरचे विवेचन १९३४ च्या आवृत्तीवरूनही करता आले असते. पुढचे करता येत नाही. संग्रहालयात या हस्तलिखिताच्या जतनाचे काम चालू असता एका पानावर दुसरा कागद चिकटविलेला असल्याचे आढळले आणि २०१८ साली खालचा मजकूर उजेडात आला. विषय बार्लोची पत्नी मेरी सिमन्स हिचा आहे. बार्लो ज्या घरी उतरला होता तेथे ती मोलकरीण होती. १६७८ साली दोघांचा विवाह झाला. वर चिकटविलेल्या कागदावर त्यांच्या परिचयाची व लग्नाची सोज्ज्वळ हकीकत आहे, आणि लबक यांच्या वाचकांना तीच ठाऊक होती. खालच्या मजकुरात बार्लो कबूल करतो की, ती झोपेत असता आपण तिच्या बिछान्यात शिरलो व तिच्या इच्छेविरुद्ध, धर्म व सभ्यता यांस सोडून वर्तन केले. आजच्या भाषेत हा बलात्काराचा कबुलीजबाब आहे. त्यासाठी दुसरा सौम्य शब्द शोधण्याचे कारण नाही.

काही जण म्हणतील की, हा खासगी आयुष्याचा भाग झाला, सागरी इतिहासाशी त्याचा काय संबंध? माझे उत्तर असे की, संबंध अगदी सरळ आहे. बार्लोच्या सबंध ग्रंथाचा गाभा चाकराची असहायता हा आहे. पराव्या घरात राहणारा, मालकाच्या मर्जीवर जगणारा, हिशेबाचे पुस्तक दुसऱ्याच्या हाती असल्याने फसणारा माणूस त्यात बोलतो. मेरी सिमन्स नेमकी त्याच स्थितीत होती. ती पराव्या घरातील चाकर होती. तिच्या स्थितीचे ज्ञान ज्याला सर्वांत अधिक असावयास हवे होते, त्यानेच तिचा फायदा घेतला. आणि पुढे, ज्या गोष्टीसाठी त्याने मालकांना आयुष्यभर शिव्या घातल्या ती गोष्ट त्याने स्वतः केली, म्हणजे तिच्या बाजूच्या हिशेबावर दुसरा कागद लावला. तुलनेचा काटा त्याच्या हातात नेहमी असे. तो त्याने वरच्या माणसाकडे धरला, खालच्या माणसाकडे धरला नाही. कप्तानकीच्या पानांत जे अस्पष्टपणे जाणवते ते या एका पानात उघड होते.

याचा अर्थ बार्लो खोटा आहे व त्याची साक्ष टाकून द्यावी, असा मुळीच नाही. ज्याने प्रथम ती कबुली लिहिली तोही बार्लोच होता, आणि आपण पाप केले ही बोच त्या मजकुरात आहे. शिवाय त्याने पान फाडले नाही, झाकले. फाडणे सोपे होते. पण पानाच्या पाठपोटी लिहिलेला मजकूर व मधूनमधून स्वतः काढलेली रंगीत चित्रे यांसकट हे बाड त्याने आयुष्यभर जपले होते. याच बाडात घर सोडण्याच्या दिवसाचे चित्रही आहे. आई शेतातून हात करून परत बोलावीत आहे, आणि मुलगा जात आहे. तो प्रसंग त्याने शब्दांत लिहिला व रेषांतही उतरविला. आईची ती खूण एवढ्या ममतेने जपणारा माणूस दुसऱ्या एका स्त्रीचा नकार कागदाखाली पुरतो, या दोन्ही गोष्टी एकाच हाताच्या आहेत. समीक्षेला यातले एक निवडून दुसरे सोडता येणार नाही.

आपल्याकडील आत्मकथनाच्या परंपरेशी येथे तुलना सुचते. बार्लोच्या जन्माच्या आदल्या वर्षी, १६४१ मध्ये, आग्रा येथे बनारसीदास या जैन व्यापाऱ्याने आपले अर्धकथानक पद्यात पूर्ण केले. व्यापारातील तोटे, वाटेवरची संकटे व तारुण्यातील चाळे त्याने लपविले नाहीत. स्वतःवर हसण्याची जी शक्ती त्याच्यात आहे ती बार्लोत नाही. त्यामुळे बनारसीदासाला कागद चिकटविण्याची गरज पडली नसावी, असे मला वाटते. दुसरी तुलना अधिक जवळची आहे. संत बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनपर अभंगांचा काळही बार्लोचाच आहे. पतीने केलेली मारहाण त्यांनी स्वतःच्या शब्दांत नोंदविली आहे, आणि मराठी वाचकाला ती नोंद परिचित आहे. या अभंगांनंतर बार्लोचे ते पान वाचले की मेरी सिमन्सच्या बाजूला काय नाही, हे चटकन ध्यानात येते. तिच्यापाशी ना वही होती, ना ओवी. तिची इच्छा काय होती हे आपल्याला तिच्याविरुद्ध वागणाऱ्याच्या कबुलीतूनच कळते, आणि तीही साडेतीनशे वर्षांच्या सुमारास झाकलेली राहिली.

आपल्या विभागातील जे विद्यार्थी कोकण किनाऱ्यावरील नौकानयनावर काम करीत आहेत, त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ परदेशी साहित्याचा नाही. सुरतेहून मोख्याकडे जाणाऱ्या त्या ताफ्यावर सारंग, तांडेल व खलाशी किती असतील! त्यांच्यातील कोणाच्या हातचे असे बाड आपल्यापुढे नाही. म्हणून त्यांचे जीवन रंगविताना बार्लोची पाने उसनी घेण्याचा मोह होतो, आणि मीही तो अनुभवला आहे. नाताळचे ताट उचलून खलाशांच्या कोणत्याही ताटाच्या जागी ठेवता येत नाही. इंग्रज जहाजावरील शिधा वेगळा होता व भरतीचा प्रकार वेगळा होता, हे तर आहेच. पण त्याहून मोठी अडचण अशी की, बार्लो आपल्या वरच्यांविषयी जितका बोलका आहे तितका बरोबरच्या परकीय खलाशांविषयी नाही. त्यांच्यासंबंधी त्याचे मौन हा पुरावा धरावयाचा असेल तर तो बार्लोच्या दृष्टीविषयीचा धरावा. त्या माणसांविषयी त्यातून काही सिद्ध होत नाही.

लबक यांच्या आवृत्तीचे उपकार मोठे आहेत. तथापि तिच्यातील वर्णलेखन आधुनिक केलेले आहे आणि मेरी सिमन्सच्या प्रसंगी तिच्यात वरचा कागद तेवढा छापला गेला आहे. दोन्ही थर शेजारी शेजारी, मूळ लेखनासह व चित्रांसह देणारी चिकित्सक आवृत्ती अभ्यासकाच्या हाती असावयास हवी. तोवर प्रबंधात बार्लोचा उतारा घेताना तो बटाव्हियापूर्वीच्या काळाविषयीचा आहे की नंतरचा, आणि विवाहाचा संदर्भ असेल तर वरच्या कागदाचा आहे की खालच्या, एवढी नोंद विद्यार्थ्यांनी तळटीपेत न चुकता करावी.